पडद्यावर न दिसलेली जीभ

दिग्या, मी तुझी जीभ बघितली नाही.

तू खुर्चीत आडवा होतास, तोंड उघडं होतं, वर दिवा लावलेला होता. मान जरा वाकवून बघितलं असतं तर दिसलं असतं. मी पडद्याकडे बघत होतो.

हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतोय, कारण मंडळाने मला स्मरणिकेसाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय आणि त्यांना कुठली गोष्ट हवी आहे ते मला माहीत आहे. सेक्रेटरी फोनवर म्हणाला, "डॉक्टर, ती माइकवाली गोष्ट पाहिजेच हां. लोक रडतील." माइकवाली गोष्ट म्हणजे अशी, की कबड्डीच्या फायनलला तू समालोचन करत होतास, तुझा एक शब्द घसरला, आणि समोर बसलेल्या तुझ्या दातांच्या डॉक्टर मित्राने नुसत्या आवाजावरून कॅन्सर ओळखला. भटवाडीत ही गोष्ट इतक्या जणांनी सांगितली आहे की स्मशानातसुद्धा एकाने मला बाजूला घेऊन ती ऐकवली. माझीच गोष्ट, मला. मी मान हलवली.

गोष्ट खोटी नाही. ती फक्त अर्ध्यातून सुरू होते.

तू गेल्यापासून मला रडू आलेलं नाही. पंतनगरचा दवाखाना दुसऱ्या दिवशी उघडला. हिरडीत इंजेक्शन दिलं की मी पेशंटला विचारतो, ओठ जड झाला का? मग बोटाने दाबून बघतो. ते म्हणतात, दाबलेलं कळतंय, पण दुखत नाही. माझंही सध्या तसंच आहे. कुणी तुझं नाव काढलं की दाबलेलं कळतं.

आपण एका चाळीतले. दोघांचे बाप कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, आणि गिरण्या बंद पडल्यावर तुझ्या बापाने नाक्यावर भाजी मांडली, माझा एका सोसायटीत वॉचमन झाला. कबड्डीत तू चढाईला जायचास आणि मी राखीव खेळाडूंच्या बाकावर सगळ्यांचे कपडे सांभाळायचो. पुढे तुझा गुडघा गेला. मैदान सुटलं, पण कुणीतरी तुझ्या हातात माइक दिला आणि तो तू सोडलाच नाहीस. दिवसा मॉलच्या पार्किंगचा सुपरवायझर, आणि सामने सुरू झाले की घाटकोपर ते मुलुंड कुठल्याही मैदानावर तुझा आवाज.

"चढाईला निघालाय बघा. जावई सासुरवाडीला निघावा तसा. घाई नाही, पण जेवल्याशिवाय परत येणार नाही."

"पकड बघा, पकड. भाडेकरूने पागडीची खोली धरून ठेवावी तशी धरलीय. सुटणार नाही, कोर्टात गेला तरी."

ही वाक्यं मी अजून तुझ्या आवाजात ऐकू शकतो. ती लिहून काढली की साधी वाटतात. तू 'पकड'मधला ड असा वळवायचास की मैदानाच्या पलीकडे वडे तळणारासुद्धा मान वर करायचा.

माझा दवाखाना उघडला तेव्हा पहिला पेशंट तूच होतास आणि सगळ्यात त्रासदायकही तूच. कॅप बसवायची तर आधी दातांचं माप घ्यावं लागायचं. चमच्यासारख्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत जबड्यावर दाबून धरायचा. ट्रे आत गेला की तुला कोरड्या ओकाऱ्या सुरू. डोळ्यांतून पाणी, पाय हवेत.

"माप घेतोयस की तोंडात स्लॅब टाकतोयस रे?"

"नाकाने श्वास घे."

"नाकाने घेतो, पण तू हात काढ. तुझ्या हाताला कांद्याचा वास येतो."

आणि प्रत्येक वेळी, दात कुठलाही असो, मी तुझी जीभ धरायचो. कॉलेजात आमच्या मॅडमनी हे आमच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. पेशंट कशासाठीही येऊ दे, गॉजच्या, म्हणजे जाळीदार सुती कापडाच्या, तुकड्याने जिभेचं टोक धरायचं, जीभ बाहेर ओढायची, दोन्ही बाजूंच्या कडा डोळ्यांनी बघायच्या आणि बोटाने चाचपायच्या. तू त्याला 'पकड' म्हणायचास. जीभ माझ्या हातात असतानाही तुझं समालोचन चालूच, नुसत्या आ-ऊ-ओमध्ये, आणि मला सगळं कळायचं. डाक्तरने चढाईपटू धरलाय, मध्यरेषा लांब आहे, प्रेक्षक श्वास रोखून. मी हसायचो आणि हात हलायचा. तेव्हा तू चुना-तंबाखू खायचास, त्यामुळे मी जास्तच बारकाईने बघायचो आणि वर भाषण द्यायचो. माझ्या भाषणाने तू काही सोडली नाहीस. शाळेत जाणारी मधुरा "बाबा, तुमच्या तोंडाला वास येतो" म्हणून तुझ्या शेजारी बसेनाशी झाली, तेव्हा सोडलीस.

मग स्कॅनर आला. इलेक्ट्रिक टूथब्रशच्या थोराड भावासारखा दिसणारा कॅमेरा. तो दातांवरून फिरवायचा की समोरच्या पडद्यावर आख्खा जबडा रंगीत उभा राहतो. लगदा नाही, ट्रे नाही. मी त्याचा पहिला प्रयोग तुझ्यावरच केला. ओकारी आली नाही. तू उठून बसलास, तोंड पुसलंस आणि म्हणालास, "आजपासून तुला डॉक्टर मानतो. इतकी वर्षं प्लास्टरवाला समजत होतो."

मला या यंत्राविरुद्ध काही लिहायचं नाही, दिग्या. माप घेताना घाबरून थरथरणाऱ्या म्हाताऱ्या आता शांत बसतात. सकाळी स्कॅन, दुपारी कॅप. पेशंटला स्वतःची कीड पडद्यावर दिसते, मग त्याला समजावत बसावं लागत नाही. एक्स-रे काढला की दुसरं सॉफ्टवेअर तो वाचतं आणि संशयाच्या जागेभोवती रंगीत चौकोन काढतं. माझ्या डोळ्यांना न दिसलेल्या दोन-चार गोष्टी त्याने दाखवल्या आहेत. माझी मानदुखीही गेली. पूर्वी दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून असायचो, आता ताठ बसून समोर बघतो.

समोर बघतो, हेच.

स्कॅन करताना जीभ मध्ये येते, गाल येतो, कधी माझं बोटही येतं. सॉफ्टवेअरला ते कळतं आणि ते तेवढा भाग आपोआप पुसून टाकतं. पडद्यावर फक्त दात आणि हिरड्या उरतात, धुऊन ठेवल्यासारख्या. कंपनीचा माणूस शिकवायला आला होता तो म्हणाला, "सर, जे नको ते काढून टाकतं." मला ते फार आवडलं होतं. तुला नाही. त्या पहिल्याच दिवशी तू पडद्याकडे बोट दाखवून विचारलंस, "माझी जीभ कुठाय?"

"ती कशाला हवी? काम दातांचं आहे."

"वा रे वा. सगळा घाटकोपर मला जिभेमुळे ओळखतो आणि तुझ्या मशीनला तीच दिसत नाही."

"उद्या समालोचनही मशीनच करेल, बघ तू."

"करू दे. पण त्याच्याशी भांडायला कोण येणार?"

आपला हा वाद तिथेच राहिला. पुढचा पेशंट बाहेर बसला होता म्हणून मी तुला उठवलं.

गॉजने जीभ धरणं माझ्याकडून नेमकं कधी सुटलं, ते मला सांगता येत नाही. ठरवून सोडलं नाही. आधी घाईच्या दिवशी राहिलं, मग ओळखीच्या पेशंटचं राहिलं, आणि मग गॉजचा डबा खुर्चीजवळून मागच्या कपाटात गेला, कारण त्या जागी कीबोर्ड ठेवायचा होता.

त्यानंतर तू आलास.

"मंग्या, खालची डावी दाढ तुटलीय. जिभेला टोचतेय साली. फोड आलाय, जेवताना झोंबतं."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल."

दिग्या, 'महिना' हा शब्द मी ऐकला. दातांच्या कुठल्याही डॉक्टरने त्या शब्दावर थांबायला हवं. तोंडातला साधा फोड दोन आठवड्यांत बसतो. न बसणारा फोड, आणि तोही जिभेच्या कडेला, आणि तोही ज्याने वर्षानुवर्षं तंबाखू खाल्ली त्याच्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगितलं असतं तर तो उठून गॉज आणायला गेला असता. मी एक्स-रे काढला. तुटलेल्या दाढेभोवती रंगीत चौकोन आला. जिभेभोवती आला नाही, कारण एक्स-रेत जीभ येतच नाही. मग मी स्कॅन केला. पडद्यावर दाढेची तुटलेली धार इतकी स्वच्छ दिसत होती की सगळं उत्तर तिथेच आहे असं वाटलं. मी तुला ती धार मोठी करून दाखवली.

"ही बघ. ही टोचतेय. कॅप बसवली की फोड आपोआप जाईल."

"नक्की ना?"

"अरे, दिसतंय ना समोर."

दुपारी कॅप बसवली. तू दारातून बाहेर पडताना मी म्हणालो, दोन आठवड्यांत गेलं नाही तर ये. म्हणालो खरं, पण तेव्हा मी पुढच्या पेशंटचा स्कॅन उघडत होतो. पूर्वी अशा पेशंटला मी स्वतः फोन करायचो. आता मेसेज आपोआप जातात. तुलाही गेला. 'तुमचा आजचा अनुभव कसा होता?' तू पाच तारे दिलेस आणि खाली लिहिलंस, डॉक्टर झकास आहे पण चहा देत नाही. मी ते रिसेप्शनच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. फोड गेला का, असं विचारणारा मेसेज त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. मी तो टाकायला सांगितला नव्हता.

काही आठवड्यांनी तू मोबाइलवर जिभेचा फोटो पाठवलास. हललेला, अर्ध्या फोटोत बाथरूमच्या टाइल्स. 'अजून आहे रे.' दोन पेशंटच्या मध्ये मी तुला एका जेलचं नाव पाठवलं आणि लिहिलं, तिखट कमी कर. तू अंगठा पाठवलास. तो अंगठा अजून तिथे आहे, त्याच्या खाली माझा काहीही मेसेज नाही.

मग ती फायनल. संध्याकाळची वेळ, मैदान भरलेलं, मी मंडळाच्या पाहुण्यांच्या रांगेत पुढे. तुझा 'चढाई' नीट निघाला नाही. मग 'पकड'. ड जिथे वळायचा तिथे वळलाच नाही, तोंडातल्या तोंडात सपाट पडला. मागून कुणीतरी ओरडलं, "दिग्या, आज लवकर बसलास काय?"

"अजून नाही बसलो. तू पाजणार असशील तर हा सामना इथेच थांबवतो."

सगळं मैदान हसलं. मला तो 'महिना' आठवला. तुझ्या बोलण्यावरून मी काही ओळखलं नाही, दिग्या. मला फक्त मी काय केलं नव्हतं ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला बोलावलं. मागच्या कपाटातून गॉजचा डबा काढला. जीभ धरली, उजवीकडे ओढली, आणि डाव्या कडेला बोट लावलं. बोटाला जे कडक लागलं त्याला दुसरं नाव नव्हतं. त्या वेळी तू समालोचन केलं नाहीस. तुझे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते आणि मी माझा चेहरा सांभाळत होतो.

पुढचं सगळं तुझ्या घरच्यांना माहीत आहे. मी त्याच दिवशी हॉस्पिटलात घेऊन गेलो, ओळखीच्या डॉक्टरांना फोन केले, तुकडा तपासायला दिला तेव्हा शेजारी उभा राहिलो. सुजाता वहिनी येईल त्याला सांगायच्या, "भावोजींनी नुसतं ऐकून ओळखलं. ते नसते तर आम्हाला कळलंच नसतं." मी गप्प बसायचो. लोकांना वाटायचं, नम्र आहे.

अर्धी जीभ गेली. हाताची कातडी लावून डॉक्टरांनी ती जागा भरली. गिळायला तू शिकलास, पण बोलणं जमेना, आणि जे जमायचं ते तुला स्वतःला ऐकवेना. मग मधुराने तुझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप घातलं. तू टाइप करायचास आणि फोन ते वाचून दाखवायचा. बाईचा आवाज, बातम्या द्यायला बसल्यासारखा स्वच्छ. मी पहिल्यांदा आलो तेव्हा ती बाई म्हणाली, "मंग्या गाढवा, बस. चहा घे. तुझ्या दवाखान्यात मिळत नाही." वहिनी स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून हसल्या. तू तिला मालवणी शिव्याही शिकवल्यास. 'शिरा पडो तुझ्या तोंडार' हे तिने ज्या शांतपणे म्हटलं तेवढ्या शांतपणे ते कोकणात कधी कुणी म्हटलं नसेल.

टीव्हीवर कबड्डी लागली की तू आवाज बंद करायचास आणि टाइप करायला लागायचास. तुझी बोटं जोरात चालायची, पण चढाई संपलेली असायची आणि तिचं समालोचन नंतर यायचं. खेळाडू मध्यरेषेवर हात टेकून परत गेलेला, आणि ती बाई सांगतेय, आता निघालाय, जपून निघालाय. तू थांबायचास, पुसायचास, पुढच्या चढाईला परत सुरू करायचास. समालोचनही मशीनच करेल असं मीच म्हणालो होतो. तुला ते आठवत होतं का, कोण जाणे. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

एका दुपारी वहिनी चहा ओतत होत्या. तुझ्या फोनमधली बाई म्हणाली, "एक विचारू. कॅप बसवली तेव्हा दिसलं असतं का."

तिला प्रश्नाचा सूर येत नाही. सांगितल्यासारखं ऐकू आलं.

मी म्हणालो, "नाही रे. तेव्हा नुसता फोड होता. तेव्हा कुणालाच कळलं नसतं."

वहिनींनी कप पुढे केला. तू माझ्याकडे बघितलंस. मग काहीतरी टाइप केलंस, बरंच, आणि बोलायचं बटण दाबलं नाहीस. एकेक अक्षर मागे घेत सगळं पुसलंस. ते काय होतं याचा विचार मी तेव्हापासून करतोय.

रेडिएशनच्या आधी दात सांभाळावे लागतात, नाहीतर नंतर ते झपाट्याने किडतात. त्यासाठी दातांवर औषध धरून ठेवणारे प्लास्टिकचे ट्रे करायचे होते. ते तूच माझ्याकडून करून घ्यायचं ठरवलंस. हॉस्पिटलात झाले असते. तू आलास, तोंड दोन बोटं उघडत होतं. स्कॅनरचं छोटं टोक लावलं. हळूहळू फिरवलं. या वेळी मी ते पुसणारं बटण आधीच बंद केलं होतं. पडद्यावर पसारा आला. गाल, ओठ, माझं बोट, आणि तुझी उरलेली जीभ, तिला जोडलेली मनगटाची फिकट कातडी. तू मान वळवून बघितलंस आणि फोन उचललास.

बाई म्हणाली, "आता दिसली."

तू घरी गेल्यावर मी दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि तुझा आधीचा स्कॅन उघडला. जे पुसलेलं असतं ते पूर्ण जात नाही, मागे ठेवलेलं असतं. बटण बंद केलं की परत येतं. तुझ्या दाढेशेजारी जिभेची कड आली, फाटक्या पट्टीसारखी, पण रंगासकट. तिच्यावर पांढरट-लाल चट्टा. कडेने उंच, मध्ये खोल. मी त्याच्यावरून कॅमेरा फिरवला होता. माझ्याच हाताने, नीट, सावकाश. मशीनने तो पकडला होता आणि नको म्हणून बाजूला ठेवला होता, कारण मी त्याच्याकडे दातच मागितले होते.

तुझी जीभ अजून माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, दिग्या. तुझ्यातली जी गेली ती बाजू. ती ठेवायची की काढून टाकायची, मला कळत नाही. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू दे. तुम्हाला आठवण राहील." त्या आता मला भावोजी म्हणत नाहीत. डॉक्टर म्हणतात. हे लिहिलेलं त्यांना आधी वाचायला दिलं. "छापा," एवढंच म्हणाल्या. मंडळाने नाही छापलं तरी माझी हरकत नाही, पण त्यांनी ती माइकवाली गोष्ट आता सांगू नये.

गॉजचा डबा परत खुर्चीजवळ आलाय. कीबोर्ड मागे गेला. जो येईल त्याची जीभ धरतो. परवा कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, "दात साफ करायला आले तर जीभ कशाला?" मी म्हटलं, माझी पद्धत आहे. आणि गॉजचा तुकडा काढला. याने तुझं काही परत येत नाही, हे मला कळतं. तू असतास तर म्हणाला असतास, सामना संपल्यावर पकड शिकलास.

रेडिएशननंतरही आजार मानेत परत आला होता. हॉस्पिटलने घरी न्या म्हटलं. तेव्हा एका रविवारी सकाळी मी तुझ्याकडे आलो. टॅब आणला नव्हता, स्कॅन आणला नव्हता. दाखवायचं नव्हतं, सांगायचं होतं. तू खिडकीजवळ उशांना टेकून बसला होतास. वहिनी आत भाजी निवडत होत्या.

मी सुरुवात केली. "दिग्या, तो स्कॅनर आहे ना, त्याचं असं असतं, की जिभेचा जो भाग येतो तो सॉफ्टवेअर..."

तू हात वर केलास. टाइप केलंस. "मशीनचं नाव काढू नको."

मी पुन्हा सुरू केलं. की तुटलेल्या दाढेची धार खरोखरच होती, तशा धारेने फोड येतोच, दहातल्या नऊ वेळा कॅप बसवली की जातो, त्या दिवशी गर्दी होती, आणि तू म्हणालास महिना, पण मला वाटलं...

"दम तुटला," बाई म्हणाली. "बाद."

मला हसू आलं नाही. तुझा चेहरा सुजलेला होता, तुला आलं की नाही तेही कळलं नाही. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

तुला टाइप करायला वेळ लागला. "जीभ माझी होती. मी तिथेच होतो. त्या दिवशी पकड झाली नाही, ते मला कळणार नाही का. तंबाखू मी खाल्ली. तो माझा वाटा. तुझा तू उचल. म्हणून तर विचारलं होतं."

म्हणजे तू मला त्या दुपारी जागा दिली होतीस. सरळ मोकळी जागा. आणि मी तिथून मागे फिरलो होतो.

तू पुन्हा फोन घेतलास. आवाज मोठा केलास. "सुजाता, बाहेर ये. डाक्तरला काही बोलायचंय." वहिनी दारात आल्या, हातात मेथीची जुडी तशीच. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाईचा आवाज आणखी एकदा आला, "परत चढाई कर. एका दमात."

मी उभा राहिलो. लहानपणी तू मला शिकवायचास तसा आधी पोटभर श्वास घेतला.

"दिग्या, तू महिना झाला म्हणालास आणि मी तुझी जीभ बघितली नाही, आणि तू विचारलंस तेव्हा वहिनींसमोर खोटं बोललो, माझं चुकलं, मला माफ कर."